डॉक्टरांना डॉक्टरकी शिकवतं कोण? निवासी डॉक्टरांचं न दिसणारं काम

केईएम, जेजे, ससून किंवा नागपूरचं मेडिकल. अशा कोणत्याही मोठ्या सरकारी किंवा महापालिकेच्या हॉस्पिटलात पेशंट दाखल झाला की नातेवाइकांचा एक गोंधळ ठरलेला असतो. सकाळी एक डॉक्टर येऊन सगळी हकिकत विचारून जातात. तासाभराने दुसऱ्या येतात आणि तेच प्रश्न पुन्हा विचारतात. दुपारी पाच-सहा जणांचा घोळका बेडभोवती उभा राहतो. रात्री रक्त काढायला तिसराच कुणी येतो आणि त्याच्या मागे उभं राहून चौथा त्याला सूचना देत असतो.

मग प्रश्न पडतो, यातले खरे डॉक्टर कोण? आणि आपल्या माणसावर कुणी शिकतंय का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं आहे. मेडिकल कॉलेजला जोडलेल्या प्रत्येक हॉस्पिटलात उपचार आणि शिक्षण एकाच वॉर्डात, एकाच वेळी चालतं. यातलं रोजचं शिकवणं मोठ्या प्रमाणावर प्रोफेसर नाही, तर निवासी डॉक्टर करतात. ते स्वतः अजून शिकत असतात. तरी त्यांच्या खालच्यांना सुई कशी धरायची, केसपेपर कसा लिहायचा आणि रात्री दोन वाजता सीनियरला फोन कधी करायचा हे तेच शिकवतात.

हे शिकवणं नीट झालं तर पेशंट सुरक्षित राहतो. घाईत, अर्धवट किंवा अपमान करून झालं तर त्याची किंमतही पेशंटच मोजतो. म्हणून ही व्यवस्था कशी चालते, हे हॉस्पिटलची पायरी चढणाऱ्या प्रत्येकाला माहीत असलेलं बरं.

वॉर्डात कोण कोण असतं?

खालून वर जाणारी ही शिडी साधारण अशी असते:

- एमबीबीएसचे विद्यार्थी: एमबीबीएसचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा. दुसऱ्या वर्षापासून वॉर्डातल्या पोस्टिंग नियमित सुरू होतात. हे विद्यार्थी पेशंटशी बोलतात, तपासतात, पण उपचार ठरवत नाहीत.
- इंटर्न: साडेचार वर्षांनंतरचं एक सक्तीचं वर्ष. मेडिसिन, सर्जरी, प्रसूती, बालरोग अशा विभागांत फिरून काम करायचं. नोंदणी तात्पुरती असते आणि काम देखरेखीखाली चालतं.
- ज्युनियर रेसिडेंट, पहिलं वर्ष: बोलीभाषेत 'जेआर वन'. एमबीबीएस आणि इंटर्नशिप पूर्ण करून, नीट-पीजी देऊन एमडी किंवा एमएसला आलेले नोंदणीकृत डॉक्टर. मुंबईत यांना पूर्वीपासून 'हाउसमन' म्हणतात.
- ज्युनियर रेसिडेंट, दुसरं आणि तिसरं वर्ष: मुंबईच्या भाषेत 'रजिस्ट्रार'. वॉर्डाचा रोजचा कारभार यांच्या हातात असतो.
- सीनियर रेसिडेंट: एमडी किंवा एमएस पूर्ण झालेले तज्ज्ञ डॉक्टर.
- अध्यापक: असिस्टंट प्रोफेसर, असोसिएट प्रोफेसर, प्रोफेसर. यांच्यातले एक युनिटप्रमुख. पेशंट कागदोपत्री यांच्या नावावर दाखल होतो आणि उपचारांचा अंतिम निर्णय यांचा असतो.

या शिडीत प्रत्येक जण वरच्याकडून शिकतो आणि खालच्याला शिकवतो. रजिस्ट्रार हाउसमनला, हाउसमन इंटर्नला, इंटर्न विद्यार्थ्याला. एका वर्षाने पुढे असलेल्यालाही 'सर' किंवा 'मॅडम' म्हणायची पद्धत आहे, ती यातूनच आली.

'निवासी' हा शब्द आला कुठून?

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात १८८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल सुरू झालं. तिथे विल्यम ऑस्लर यांनी मेडिसिनमध्ये आणि विल्यम हाल्स्टेड यांनी सर्जरीत तरुण डॉक्टरांना वर्षानुवर्षं हॉस्पिटलातच ठेवून तयार करायची पद्धत बसवली. हे डॉक्टर खरोखरच हॉस्पिटलच्या आवारात राहायचे, म्हणून 'रेसिडेंट'. मराठीत त्याचं 'निवासी डॉक्टर' झालं.

ऑस्लर यांचा आग्रह होता की विद्यार्थ्याने लेक्चर हॉलमध्ये बसून नाही, तर पेशंटच्या खाटेशी उभं राहून शिकावं. हाल्स्टेड यांच्या पद्धतीत अनुभवाबरोबर जबाबदारी वाढत जायची. 'एकदा बघ, एकदा कर, एकदा शिकव' हे सर्जरीतलं प्रसिद्ध सूत्र त्यांच्याच परंपरेशी जोडलं जातं. सूत्र आकर्षक आहे, पण आज ते जसंच्या तसं कुणी मानत नाही. एकदा बघून केलेलं काम पेशंटसाठी धोक्याचं ठरू शकतं, हे आता मान्य झालेलं आहे.

मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज जेजे हॉस्पिटलबरोबर सुरू झालं. १९२६ मध्ये परळला जीएस मेडिकल कॉलेज आणि केईएम हॉस्पिटल जोडीने उभे राहिले. कॉलेज आणि हॉस्पिटल एकाच आवारात असण्याची ही रचना आजही राज्यभर आहे, आणि निवासी डॉक्टर या दोन्हींच्या मधला दुवा आहे.

ते नेमकं काय शिकवतात?

पुस्तकात आजाराची लक्षणं असतात. परीक्षेत त्यावर प्रश्न येतात. पण वॉर्डात उभं राहिल्यावर लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी पुस्तकातून कळत नाहीत. त्या निवासी डॉक्टरांकडून कळतात.

*हाताची कामं.* रक्त काढणं, शिरेत सलाईनची सुई बसवणं, लघवीची नळी घालणं, नाकातून पोटात नळी टाकणं, टाके घालणं, हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं. आजींची शीर हाताला लागते पण सुई टोचताच सरकते, अशा वेळी कातडी कशी ताणून धरायची, हे कुणीतरी शेजारी उभं राहून दाखवावं लागतं.

*लिहिणं.* केसपेपरवरची नोंद, तपासणीचा फॉर्म, डिस्चार्ज कार्ड. डिस्चार्ज कार्डावर औषध किती दिवस घ्यायचं ते लिहायचं राहिलं, तर घरी गेलेला पेशंट ते दोन दिवसांत बंद करू शकतो किंवा दोन महिने घेत राहू शकतो.

*हँडओव्हर.* ड्युटी बदलताना कोणता पेशंट गंभीर आहे, कुणाचा रिपोर्ट यायचाय, कुणाकडे तासाभराने पुन्हा बघायचंय, हे पुढच्याला सांगणं. चाळीस पेशंटच्या वॉर्डात आधी कोणत्या बेडकडे जायचं, हे इंटर्न इथेच शिकतो.

*मदत कधी मागायची.* हे सगळ्यात महत्त्वाचं. 'मला जमत नाहीये' हे वेळेत सांगणारा इंटर्न पेशंटचा जीव वाचवतो. पण तो सांगेल की नाही, हे त्याच्या सीनियरने मागच्या वेळी फोनवर काय उत्तर दिलं होतं, यावर ठरतं.

*माणसांशी बोलणं.* नातेवाइकांना वाईट बातमी कशी द्यायची, पेशंटला नावाने हाक मारायची की 'बेड नंबर चौदा' म्हणायचं. देशात २०१९ पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचा वेगळा भाग आहे. पण वर्गात शिकलेला संवाद टिकतो की नाही, ते रात्री तीन वाजता थकलेला रजिस्ट्रार पेशंटच्या आईशी कसा बोलतो हे बघून ठरतं. शिक्षणतज्ज्ञ याला 'छुपा अभ्यासक्रम' म्हणतात. त्याचा तास लागत नाही, पण तो सगळ्यात खोल रुजतो.

प्रोफेसर असताना निवासी डॉक्टर कशाला?

पहिलं कारण साधं आहे. प्रोफेसरांचा राउंड ठरावीक वेळी होतो. विद्यार्थी आणि इंटर्न दिवसभर, आणि इंटर्न रात्रीही, ज्यांच्यासोबत असतात ते निवासी डॉक्टर. अमेरिकेतल्या अभ्यासांत वारंवार दिसणारा अंदाज असा की निवासी डॉक्टरांच्या वेळेपैकी सुमारे पाव भाग शिकवण्यात आणि देखरेखीत जातो.

दुसरं कारण शिकण्याच्या स्वभावात आहे. जो स्वतः दोन वर्षांपूर्वीच अडखळला होता, त्याला समोरचा कुठे अडखळणार हे आठवत असतं. ईसीजीचा कागद हातात घेतल्यावर नवखा माणूस कुठे गोंधळतो, हे वीस वर्षं ईसीजी वाचणाऱ्या प्रोफेसरला सांगणं अवघड जातं. त्यांना तो एका नजरेत कळतो. जेआर टू मात्र सांगू शकतो, 'आधी वेग मोज, मग ताल बघ, बाकीचं नंतर.' जवळच्या वरिष्ठाने शिकवण्याच्या या पद्धतीवर जगभर अभ्यास झाले आहेत.

तिसरं कारण भीतीचं. प्रोफेसरांसमोर 'हे मला येत नाही' म्हणायला विद्यार्थी कचरतो. हाउसमनसमोर म्हणू शकतो.

पण या जवळिकीचा तोटाही आहे. जवळचा वरिष्ठ आपल्या सवयींसकट शिकवतो. हात न धुता पुढच्या पेशंटकडे जायची सवय असेल तर तीही खाली उतरते. ग्लोव्हज न घालता रक्त काढणारा रजिस्ट्रार नकळत पाच इंटर्नना तेच शिकवतो. म्हणून निवासी डॉक्टरांच्या शिकवण्यावर अध्यापकांची नजर असणं गरजेचं ठरतं.

पाच मिनिटांत शिकवायचं कसं?

वॉर्डात शिकवायला वेगळा तास मिळत नाही. राउंड आणि कॅज्युअल्टी यांच्या मधल्या पाच मिनिटांतच जे शिकवायचं ते शिकवावं लागतं. यासाठी १९९२ मध्ये अमेरिकेतल्या फॅमिली मेडिसिनच्या अध्यापकांनी पाच पायऱ्यांची एक सोपी पद्धत मांडली. ती आज जगभर निवासी डॉक्टरांना शिकवली जाते.

कल्पना करा, ऑगस्ट महिना आहे. मुंबईतल्या एका वॉर्डात चोवीस वर्षांचा तरुण चार दिवसांच्या तापाने दाखल झालाय. डेंग्यूची तपासणी पॉझिटिव्ह आहे. आज सकाळपासून ताप नाही. इंटर्न रजिस्ट्रारला सांगतो, "सर, ताप उतरलाय. उद्या सोडता येईल."

रजिस्ट्रार घाईत असेल तर म्हणेल, "नाही, ठेव." काम झालं, पण इंटर्न काहीच शिकला नाही. पाच पायऱ्यांची पद्धत वापरली तर संवाद असा होईल:

१. आधी त्याचं मत घ्यायचं. "तुला काय वाटतं, तो बरा झालाय का? ठरवून सांग." चूक असो वा बरोबर, इंटर्नला एक बाजू घ्यावी लागते.

२. कारण विचारायचं. "कशावरून म्हणतोस? आणखी काय तपासलंस? मलेरियाची स्लाइड बघितली? पावसाच्या पाण्यातून चालला होता का, लेप्टोचा विचार केलास?" यातून त्याला काय माहीत आहे आणि काय नाही, ते कळतं.

३. एक नियम शिकवायचा, एकच. "डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच जास्त जपायचं असतं. त्यानंतरच्या चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून पेशंट शॉकमध्ये जाऊ शकतो. पोटात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती, यावर लक्ष ठेव. नुसत्या प्लेटलेट बघू नकोस. नाडी, बीपी, लघवी आणि हिमॅटोक्रिट बघ."

४. बरोबर केलेलं सांगायचं. "पोटात दुखतंय का ते तू आपणहून विचारलंस, ते चांगलं केलंस." नुसतं 'छान' नाही. नेमकं काय चांगलं केलं, ते.

५. चूक सुधारायची. "पण सकाळपासून उलट्या किती झाल्या ते केसपेपरवर नाही. आता जाऊन विचार आणि वेळ टाकून लिही."

या सगळ्याला पाच मिनिटं लागतात. पण पुढच्या वर्षी हाच इंटर्न गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एकटा असेल आणि ताप उतरलेला डेंग्यूचा पेशंट 'मला घरी सोडा' म्हणेल, तेव्हा ही पाच मिनिटं कामी येतील.

सुई टोचायला शिकवायची पद्धत

हाताच्या कामांसाठी चार पायऱ्यांची पद्धत वापरली जाते. ती पेटन यांच्या नावाने ओळखली जाते.

१. शिकवणारा नेहमीच्या वेगाने, न बोलता संपूर्ण काम करून दाखवतो.
२. पुन्हा करतो, पण सावकाश, प्रत्येक टप्पा समजावत.
३. तिसऱ्या वेळी शिकणारा बोलतो आणि शिकवणारा त्याच्या सांगण्याप्रमाणे करतो.
४. शेवटी शिकणारा स्वतः बोलत-बोलत करतो.

यातली तिसरी पायरी सगळ्यात उपयोगी. शिकणाऱ्याच्या डोक्यात क्रम बसलाय की नाही, हे त्याने सुई हातात घेण्याआधीच कळतं. पहिले प्रयत्न पेशंटवर नाही, तर पुतळ्यावर व्हावेत यासाठी मेडिकल कॉलेजांत स्किल लॅब असणं आता अपेक्षित आहे.

त्यानंतरही स्वातंत्र्य टप्प्याटप्प्याने मिळायला हवं. आधी नुसतं बघणं. मग सीनियर शेजारी उभा असताना करणं. मग सीनियर हाकेच्या अंतरावर असताना. आणि शेवटी एकट्याने. कोणता इंटर्न कोणत्या टप्प्यावर आहे हे ओळखणं, हे निवासी डॉक्टरचं शिक्षक म्हणून सगळ्यात अवघड काम. लवकर सोडलं तर पेशंटला धोका. कधीच सोडलं नाही, तर इंटर्नशिप संपवून बाहेर पडणारा डॉक्टर कागदावरच डॉक्टर राहतो.

नियम काय सांगतात?

भारतात पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाचे नियम राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, म्हणजे एनएमसी ठरवते. त्याआधी हे काम मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाकडे होतं. एमडी-एमएसच्या विद्यार्थ्यांनी एमबीबीएसचे विद्यार्थी आणि इंटर्न यांच्या शिक्षणात भाग घ्यावा, ही अपेक्षा नियमांत अनेक वर्षांपासून आहे. म्हणजे शिकवणं हा उपकार नाही, अभ्यासक्रमाचा भाग आहे.

पण शिकवायचं कसं, हे शिकवण्याची सोय तेवढी पक्की नाही. २०२३ च्या पदव्युत्तर नियमांत निवासी डॉक्टरांसाठी संशोधन पद्धती, नीतिमत्ता आणि हृदयविकाराच्या आणीबाणीत जीव वाचवण्याचं कौशल्य, असे तीन कोर्स सक्तीचे आहेत. अध्यापनाचा कोर्स त्यात नाही. तो सक्तीने करावा लागतो तो अध्यापकांना. म्हणजे तीन वर्षं रोज शिकवून झाल्यावर, पुढे कुणी असिस्टंट प्रोफेसर झालाच, तर त्याला शिकवायचं कसं हे शिकवलं जातं. जो खासगी प्रॅक्टिसमध्ये गेला, त्याला तेही नाही.

अमेरिका आणि कॅनडात याबाबत वेगळी पद्धत आहे. तिथे एमडी पदवी देणाऱ्या वैद्यकीय कॉलेजांना मान्यता देताना, विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या निवासी डॉक्टरांची शिकवण्यासाठी तयारी करून घेतली आहे का, हे तपासलं जातं. त्यामुळे 'शिक्षक म्हणून निवासी डॉक्टर' या विषयावरच्या छोट्या कार्यशाळा तिथे नेहमीच्या झाल्या आहेत. पाच पायऱ्यांची पद्धत, चुकांवर बोलण्याची पद्धत, छोट्या गटाला शिकवणं, असे विषय त्यात असतात. भारतातही काही कॉलेजं आपल्या पातळीवर हे करतात, पण ते कॉलेजच्या इच्छेवर आहे.

शिकवायला वेळ आहे का?

इथे सगळी चर्चा ड्युटीच्या तासांवर येऊन अडते.

केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग ड्युटी साधारणपणे बारा तासांपेक्षा जास्त नसावी आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांचं काम असावं, असं म्हटलं होतं. २०२३ च्या एनएमसी नियमांत तासांचा आकडा नाही. 'वाजवी' कामाचे तास, 'वाजवी' विश्रांती आणि आठवड्याची एक सुटी, असे शब्द आहेत. २०२४ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर एनएमसीच्या राष्ट्रीय कार्यदलाने अहवाल दिला. त्यात निवासी डॉक्टरांचं काम आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त नसावं, अशी शिफारस आहे.

प्रत्यक्षात युनिटच्या इमर्जन्सीच्या दिवशी सुरू झालेली ड्युटी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालणं नवीन नाही. 'मार्ड' ही महाराष्ट्रातल्या निवासी डॉक्टरांची संघटना. तिच्या आंदोलनांत विद्यावेतन, सुरक्षा आणि हॉस्टेल यांच्याबरोबर कामाचे तास हा मुद्दा वारंवार येतो.

तीस तास जागा असलेला डॉक्टर शिकवत नाही असं नाही. तो शिकवतो, पण 'हे असंच करतात' एवढंच. 'का' हा प्रश्न पहिला गळून पडतो. आणि 'का' गळाला की उरतं ते पाठांतर.

शिडीतली एक पायरी निखळली तर काय होतं, ते २०२१ मध्ये दिसलं. कोरोनामुळे नीट-पीजी परीक्षा लांबत-लांबत ११ सप्टेंबर २०२१ ला झाली. त्यानंतर आरक्षणाच्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयात प्रकरण होतं, त्यामुळे प्रवेशप्रक्रिया जानेवारी २०२२ पर्यंत सुरू झाली नाही. देशभरातल्या हॉस्पिटलांत कित्येक महिने पहिल्या वर्षाचे निवासी डॉक्टरच नव्हते. त्यांची कामं दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या डॉक्टरांवर पडली आणि डिसेंबर २०२१ मध्ये दिल्लीसह अनेक ठिकाणी निवासी डॉक्टर रस्त्यावर उतरले. बातम्यांत ओपीडी बंद असल्याचं आलं. पण हाउसमनच नसेल तर इंटर्नच्या सगळ्यात जवळचा शिक्षकही नसतो, ही बाजू चर्चेत फारशी आली नाही.

कडक शिस्त आणि छळ यांत फरक काय?

'आम्हालाही असंच शिकवलं' हे वाक्य प्रत्येक मेडिकल कॉलेजात ऐकू येतं. पेशंटच्या जिवाशी गाठ असल्याने चुकीबद्दल स्पष्ट बोलावंच लागतं. पण सगळ्यांसमोर अपमान, शिवीगाळ, शिक्षा म्हणून जादा ड्युटी, जेवायला-झोपायला न देणं, जात किंवा आरक्षणावरून टोमणे, यातलं काहीच शिकवणं नाही.

याचा पेशंटशी थेट संबंध आहे. ओरडा खाल्लेला ज्युनियर पुढच्या वेळी चूक लपवतो. बीपी खाली जातंय हे दिसत असूनही 'आता फोन केला तर मॅडम चिडतील' म्हणून अर्धा तास थांबतो. त्या अर्ध्या तासात पेशंट हातचा जाऊ शकतो.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मेडिकल कॉलेजांसाठी एनएमसीने २०२१ मध्ये वेगळे रॅगिंगविरोधी नियमही केले. प्रत्येक कॉलेजात रॅगिंगविरोधी समिती असणं बंधनकारक आहे. राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १८००-१८०-५५२२ हा आहे.

पेशंट आणि नातेवाइकांनी काय लक्षात ठेवावं?

- तेच प्रश्न पुन्हा विचारले तर चिडू नका. विद्यार्थी, इंटर्न आणि रजिस्ट्रार वेगवेगळी हकिकत घेतात. कधी-कधी आधीच्याने सोडलेली महत्त्वाची गोष्ट, एखादी ॲलर्जी किंवा जुनं ऑपरेशन, तिसऱ्या वेळी सापडते.
- समोर कोण आहे ते विचारा. 'डॉक्टर, तुम्ही कितव्या वर्षाला आहात? तुमचे सीनियर कोण?' हा प्रश्न अपमानाचा नाही. नाव आणि पद सांगणं हे डॉक्टरचं काम आहे.
- संमती तुमची आहे. विद्यार्थ्यांनी तपासायचं असेल तर पेशंटला विचारलं गेलं पाहिजे. नाजूक तपासणीच्या वेळी तर नक्कीच. 'नाही' म्हटल्याने उपचार थांबत नाहीत. पडदा लावायला सांगायचा आणि स्त्री पेशंटसोबत स्त्री कर्मचारी किंवा नातेवाईक असावी हे सांगायचा हक्क आहे.
- दोन-तीनदा सुई फसली तर बोला. 'सीनियरना बोलवाल का?' एवढं शांतपणे म्हटलं तरी पुरतं. चांगला निवासी डॉक्टर हे आपणहून करतो.
- मोठ्या निर्णयाचं कारण विचारा. ऑपरेशन, रक्त चढवणं, आयसीयूत हलवणं. हा निर्णय कुणाशी बोलून झाला, हे विचारता येतं.
- हात उगारू नका. निवासी डॉक्टर सगळ्यात पुढे दिसतो म्हणून राग त्याच्यावरच निघतो. पण औषध नसणं, बेड नसणं, मशीन बंद असणं हे त्याच्या हातात नसतं. महाराष्ट्रात डॉक्टर आणि हॉस्पिटलांवरच्या हिंसेविरुद्ध २०१० चा कायदा आहे.

मग 'शिकाऊ डॉक्टर' म्हणणं बरोबर आहे का?

सोशल मीडियावर एखाद्या हॉस्पिटलचा व्हिडिओ फिरला की खाली हमखास कमेंट येते, 'शिकाऊ डॉक्टरांच्या हाती पेशंट सोडलेत.' यात अर्धं खरं आहे. निवासी डॉक्टर तज्ज्ञ होण्यासाठी शिकत असतो. पण तो एमबीबीएस झालेला, नोंदणी असलेला डॉक्टर असतो. खासगी दवाखान्यात तो एकट्याने प्रॅक्टिस करू शकला असता. इथे त्याच्यावर रजिस्ट्रार, सीनियर रेसिडेंट आणि युनिटप्रमुख अशी देखरेख असते. निदान असायला हवी.

म्हणून विचारायचा प्रश्न 'शिकाऊ कशाला ठेवता?' हा नाही. शिकाऊ नसतील तर दहा वर्षांनी तज्ज्ञही नसतील. जिल्हा रुग्णालयात भूलतज्ज्ञ नाही, तालुक्याला स्त्रीरोगतज्ज्ञ नाही, अशी तक्रार आपण करतो. ते तज्ज्ञ याच वॉर्डांत तयार होतात. विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. रात्री त्याच्यामागे सीनियर उभा होता का? तो किती तास जागा होता? आणि त्याला शिकवायला कुणी शिकवलं होतं का?

यातल्या शेवटच्या प्रश्नावरचा उपाय तुलनेने स्वस्त आहे. नवी इमारत लागत नाही, महागडं मशीन लागत नाही. पीजीच्या पहिल्या वर्षी शिकवण्याची एक-दोन दिवसांची कार्यशाळा, हँडओव्हरसाठी ठरवून दिलेली वेळ, आणि चांगलं शिकवणाऱ्या निवासी डॉक्टरची कॉलेजने घेतलेली दखल, इतक्यावर सुरुवात होऊ शकते. ड्युटीचे तास कमी करायला जागा भराव्या लागतील, त्याला पैसे आणि वेळ लागेल. तोवर आज रात्री वॉर्डात जो इंटर्न पहिल्यांदा एकट्याने सलाईन लावणार आहे, त्याच्याशेजारी कुणी पाच मिनिटं उभं राहिलं का, यावर त्या पेशंटची रात्र ठरते.